पेशींचे पारखी : कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या वार्षिक स्मरणिकेत प्रतिवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सादर करण्याचा प्रघात आहे. संत, समाजसुधारक व देशभक्त यांची चरित्रे आजवर पुष्कळ झाली. यंदा संपादक मंडळाने हे काम नागापूरच्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाकडे सोपविले, तेव्हा आपल्या समाजाबाहेरील, परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी ज्यांच्या विद्येचा प्रत्यक्ष संबंध आलेला आहे, अशा एका महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाचे चरित्र निवडण्याची मोकळीक मी मागून घेतली. सभासद बंधुभगिनींनी हा अपवाद गोड मानून घ्यावा.

खानोलकर हे आडनाव उच्चारताच बहुतेकांस कवी आरती प्रभू म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात. ते साहजिकही आहे. वेंगुर्ल्याजवळील खानोली गावावरून पडलेले हे आडनाव मराठी साहित्यात अजरामर झाले आहे. परंतु त्याच आडनावाचे, कवीहून पस्तीस वर्षांनी वडील असलेले एक डॉक्टर मुंबईस परळ भागात सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीस डोळा लावून आयुष्यभर बसले, आणि भारतात विकृतिशास्त्र या विद्येचे जनक म्हणून वैद्यकीय जगात मान्यता पावले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, नाही तर पुढील चरित्राचे मर्म कळावयाचे नाही. आपल्या सभासद कुटुंबांपैकी फारच थोडी घरे अशी असतील की जेथे कधी ना कधी डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासणीस पाठविला नसेल. तो तुकडा जातो कोठे व तेथे त्याचे काय होते, याचा विचार आपण करीत नाही. अहवाल येईपर्यंतचे चार दिवस घरातील माणसे देव पाण्यात घालून बसतात एवढेच. वास्तविक तो तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात मुरवितात, म्हणजे तो कुजत नाही. नंतर त्यातील पाण्याचा अंश काढून त्यात वितळलेले मेण भरतात. मेण घट्ट झाले की मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याच्या अतिशय पातळ चकत्या काढतात. एक मिलिमीटर जाडीत अशा दोनशे चकत्या सहज बसाव्यात, इतक्या त्या पातळ असतात. ही चकती काचपट्टीवर पसरून तिला दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रे निळीजांभळी होतात व इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी होतो. मग ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली येते.

निरोगी पेशी शाळेतील शिस्तबद्ध मुलांप्रमाणे रांगेने व सारख्या आकाराच्या दिसतात. (ही उपमा माझ्या पेशास शोभेशीच आहे, वाचक क्षमा करतील.) कर्करोगाच्या पेशीत केंद्र अवाजवी मोठे व गडद होते, त्याची कड वेडीवाकडी होते, एका पेशीच्या दोन होण्याची क्रिया जागोजाग व विपरीत रीतीने चाललेली दिसते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपली मर्यादा ओलांडून या पेशी खालच्या थरात घुसलेल्या आढळतात. शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद कितीही कुशल असो, काय कापावयाचे व किती कापावयाचे हे त्यास या काचपट्टीवरूनच कळते. रोग्याच्या दृष्टीस कधीही न पडणारा असा हा वैद्य असतो. रोगाचे मूळ पेशीत शोधावे हा सिद्धांत जर्मनीतील रुडॉल्फ फिर्को यांनी १८५८ साली मांडला. त्या विद्येची आपल्या देशात भक्कम पायावर उभारणी करणारांत डॉ. खानोलकर अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. गोमंतक मराठा समाजाच्या एका कुटुंबात ते जन्मले. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले व १९२३ साली विकृतिशास्त्र हा विषय घेऊन एम. डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी विलायतेहून मोठी पदवी घेऊन आलेला डॉक्टर गिरगावात अगर फोर्टात दवाखाना थाटून थोड्याच वर्षांत बंगला बांधीत असे. खानोलकरांनी मुंबईस परतून अध्यापनाचा मार्ग पत्करला. ज्या विषयात रोगी नाही, फी नाही व नावही नाही, असा विषय एका बुद्धिमान तरुणाने निवडावा, यातच त्यांचा पिंड दिसून येतो, असे मला वाटते.

ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. यांपैकी दुसऱ्या कॉलेजाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९२६ साली परळ येथे के. ई. एम. रुग्णालयासह ते सुरू झाले. त्यापूर्वी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मोठ्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असत, व देशी डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्यास दुय्यम स्थानी राहावे लागे. सेठ गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अशी अट घातली की या कॉलेजातील अध्यापक वर्ग भारतीयांचाच असावा. स्वातंत्र्यापूर्वी एकवीस वर्षे घातलेली ही अट म्हणजे एक प्रकारची स्वराज्याची सनदच होती. आपले लोकही ही विद्या शिकवू शकतात, इतकेच नव्हे तर तीत नवी भर घालू शकतात, हे सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी खानोलकरांच्या पिढीवर पडली, व ती त्यांनी यथास्थित पार पाडली.

त्यांच्या आयुष्यातील दुसरा मोठा टप्पा १९४१ साली आला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढील वर्षी स्वतः सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकर यांजकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण येथे येऊ लागले, आणि प्रत्येकाच्या गाठीचा तुकडा खानोलकरांच्या हाताखालील काचपट्टीवर येऊ लागला.

अशी काचपट्टी पुष्कळांनी पाहिली असती व अहवाल लिहून बाजूस ठेविली असती. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, पट्टीवरील पेशी पाहून झाल्यावर हा मनुष्य कोठून आला, काय खातो, काय चघळतो, अंगावर काय नेसतो, हे ते विचारावयास लावीत. हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज त्या काळी पसरलेला होता. येथील लोक अल्पायुषी, म्हणून उतारवयाच्या या रोगापर्यंत फार थोडे पोचत, आणि जे पोचत त्यांचे निदानच होत नसे, ही खरी गोष्ट होती. १९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तोंड व घसा यांचे जे कर्करोग एकूण रोग्यांत थोडे असतात, तेच आपल्याकडे ढिगाने आढळतात, आणि त्यांचा तंबाखूशी निकट संबंध आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांतून जगापुढे आली.

पुढील वर्षी, म्हणजे १९४५ साली, डॉ. सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी दुसरा एक निबंध लिहिला, तो चालीरीतींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांविषयी होता. तंबाखू व चुना यांची गोळी (उत्तरेकडे तीस खैनी म्हणतात) खालच्या ओठामागे दाबून ठेवणाऱ्यास त्याच जागी कर्करोग होतो, असे त्यांनी दाखविले. धोतर कमरेशी घट्ट आवळून वर्षानुवर्षे नेसणाऱ्या माणसांच्या कमरेच्या कातडीवर घर्षणाने व घामाने प्रथम काळे-पांढरे चट्टे व वण पडतात, आणि त्यांतून क्वचित कर्करोग उद्भवतो, हेही त्यांनी नोंदविले. धोतराचा कर्करोग हे नाव वैद्यकीय ग्रंथांत तेव्हापासून रूढ झाले. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी कांगडी धरणाऱ्यांस पोटाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पूर्वीच माहीत होते, त्याच्या पंक्तीस आता आपले धोतर येऊन बसले. धोतर गेले म्हणून हा विषय संपला असे मात्र कोणी समजू नये. परकराची नाडी कमरेस करकचून बांधल्याने असाच कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची हकीकत वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली आहे. घरातील वृद्ध स्त्रियांच्या कमरेवर असा जुना न भरणारा व्रण असल्यास तो दाखवून घेणे बरे.

आपल्या नगर जिल्ह्यात तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांस लावण्याची चाल पिढ्यान् पिढ्या आहे. मिश्री ही बायकांची गोष्ट म्हणून पुरुषांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि पुरुषांची तंबाखूची पिशवी ही तर पाहुण्यापुढे आदराने करावयाची वस्तू ठरली. लग्नाच्या बैठकीत पानसुपारीबरोबर तंबाखूची डबी फिरते व ती नाकारणारा मनुष्य आढ्यताखोर समजला जातो. आपल्या समाजाच्या मेळाव्यांतसुद्धा हा प्रकार मी पाहिला आहे, म्हणून येथे लिहिणे भाग आहे. त्या एक हजार रुग्णांत अशाच बैठकींतून उठून गेलेली माणसे असणार.

निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांत रोगाचे प्रमाण निरनिराळे का, हा प्रश्न मुंबईसारख्या शहरात खानोलकरांपुढे सहजच उभा राहिला. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक व हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, असे रुग्णालयाच्या नोंदी सांगत होत्या. हे रक्ताने येते की राहणीने येते? या जिज्ञासेतून १९४९ साली डॉ. ल. दे. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील आपापसांतच विवाह करणाऱ्या सहा जातिसमूहांच्या रक्तगटादी सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद करून ती विलायतेतील एका नामांकित त्रैमासिकात प्रसिद्ध केली. एका जातीत आढळणारे रक्तगट दुसऱ्या जातीतही आढळतात, फरक असतो तो त्यांच्या प्रमाणात. पिढ्यान् पिढ्या आपल्यातच सोयरीक केल्याने ही प्रमाणे थोडीथोडी वेगळी होत जातात, असा या कामाचा अर्थ निघतो. वधूवर सूचक मेळावे भरविणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेच्या सभासदांनी हा निबंध समजून घेण्यासारखा आहे. रुग्णालयात आपल्या माणसास रक्त चढविण्याची वेळ येते, तेव्हा पिशवीवर दात्याची जात लिहिलेली नसते, गट लिहिलेला असतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कोडे पुढे सुटले. त्याचे कारण एक विषाणू आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखविले व त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अल्पवयात विवाह, बाळंतपणांची रांग व स्वच्छतेच्या सोयींचा अभाव यांचा या रोगाशी संबंध लागत होता. जात हे त्याचे कारण नव्हते.

महारोगाच्या बाबतीतही खानोलकरांचे कार्य तितकेच मोलाचे आहे. या रोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली पाहिला होता. परंतु तो शरीरात प्रथम कोठे ठाण मांडतो, हे नीट उमगले नव्हते. चट्टा नुकताच उमटला आहे अशा अवस्थेतील कातडीचे तुकडे घेऊन खानोलकरांनी ते बारकाईने तपासले, आणि कातडीतील अतिसूक्ष्म मज्जातंतूंच्या टोकांशी या जंतूचे सख्य असते, त्या वाटेनेच तो पसरतो, हे दाखविले. १९५१ साली त्यांचा हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महारोग्याच्या चट्ट्यास स्पर्श का कळत नाही, बोटे का झडतात, याचा उलगडा यातून होतो. योगायोग असा की, त्याच सुमारास वरोड्यास बाबा आमटे यांनी आनंदवनाचा पाया घातला. एकाने रोग्यास जवळ केले, दुसऱ्याने रोगास ओळखले. पूर्वजन्मीचे पाप म्हणून ज्या माणसांस गावकुसाबाहेर काढीत, त्यांच्या कातडीतील एक जंतू व एक मज्जातंतू यांची ती गोष्ट होती.

१९५२ साली भारत सरकारने परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था काढली व तिचे पहिले संचालक म्हणून डॉ. खानोलकरांची नेमणूक केली. येथे त्यांनी माणसे घडविली, आणि शिक्षक या नात्याने मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोठा वाटतो. पुण्याच्या कमल समर्थ, पुढे डॉ. कमल रणदिवे, यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. त्यांनी संशोधन केंद्रात पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. या रणदिवेबाई पुढे आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात (जो २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे) राजूर भागातील आदिवासी बालकांच्या पोषणाच्या कामासाठी येत असत, हे जिल्ह्यातील वाचकांस सांगण्यात मला आनंद वाटतो. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे अंतरंग पाहण्याची विद्या येथे रुजविली. ज्या काळी मुलीस मॅट्रिक होईतो शिकविणे पुष्कळ समजत, त्या काळी या स्त्रिया खानोलकरांच्या प्रयोगशाळेत पुरुषांच्या बरोबरीने काम करीत होत्या.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. भारत सरकारने पद्मभूषण दिले. कर्करोगाविरुद्ध झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाचे ते अध्यक्ष झाले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, व १९६३ पासून दहा वर्षे वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. याहून अधिक यादी देऊन जागा अडवीत नाही.

खानोलकरांची विद्या मुख्यतः तुकड्याच्या चकतीची. तिचीच धाकटी बहीण म्हणजे सुट्या पेशींवरून निदान करण्याची विद्या. ग्रीस देशातून अमेरिकेस गेलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखावरून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून, कर्करोग पुरता होण्यापूर्वीच ओळखता येतो, हे १९४१ साली, म्हणजे टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी, जगापुढे मांडले. गाठीत बारीक सुई घालून चार पेशी ओढून घेण्याची रीतही आता सर्वत्र रूढ आहे. तीत ना टाका, ना भूल, आणि निदान पुष्कळदा त्याच दिवशी. माझ्या नात्यातील एका वहिनींच्या छातीत गाठ आली, ती त्यांनी लाजेने आठ महिने लपविली. सुईची तपासणी पाच मिनिटांत आटोपली व उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. सुदैवाने गाठ साधी निघाली. आठ महिने मात्र त्या रात्री जागत होत्या.

या पेशीपरीक्षेची कसोटी आपल्या शेजारच्याच मुलखात लागली, हेही सांगितले पाहिजे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक खेडूत स्त्रियांना गटागटांत विभागून निरनिराळ्या तपासण्यांचा पडताळा घेतला. त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूची एकवार तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले. पेशींच्या तपासणीच्या गटात तितका लक्षणीय फरक दिसला नाही. पापानिकोलाऊंची परीक्षा अमेरिकेत लाखो स्त्रियांस वाचवू शकली, कारण तेथे ती पुन्हा पुन्हा होते. आपल्या खेड्यातील स्त्री आयुष्यात एकदा तपासणीस आली तरी पुष्कळ, म्हणून येथे दुसरी परीक्षा अधिक उपयोगी पडली. देशोदेशीच्या चालीरीती पाहून मगच रोगाचा विचार करावा, ही खानोलकरांचीच वाट होय. पेशी पाहणाऱ्याची गरज मात्र संपलेली नाही, कारण विषाणू सापडलेल्या स्त्रीस कर्करोग झाला आहे किंवा नाही, हे शेवटी काचपट्टीवरच ठरते.

डॉ. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी कालवश झाले. त्यांनी उभारलेली संशोधन संस्था १९६६ साली टाटा रुग्णालयाशी एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले, आणि २००२ साली संशोधन विभाग परळहून नवी मुंबईत खारघर येथे गेला. तेथील प्रयोगशाळांच्या इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव आहे. आपल्यापैकी ज्यांना उपचारासाठी खारघरच्या रुग्णालयात जावे लागते, त्यांना त्याच आवारात ती इमारत पाहावयास मिळते.